गावचा सडा सोलर कंपनीला भाड्याने द्यावा का?

सडेकर (धागाकर्ता)

मंडळी, शिमग्याआधीपासून आमच्या गावात (राजापूर तालुका, खाडीपलीकडे) एकच विषय चालू आहे. वाडीच्या वरच्या अंगाला कातळसडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) आहे. त्यातला ४० एकर आमच्या भावकीचा सामाईक, कडेला थोडं गुरचरण. एका सोलर कंपनीचा माणूस गावातलाच मध्यस्थ हाताशी धरून घरोघर फिरतोय. एकरी वर्षाला ५० हजार भाडं, दरसाल ३ टक्के वाढ, करार २८ वर्षांचा. सातबाऱ्यावर ६३ नावं आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त मुंबईत, म्हणून तो कोऱ्या कुलमुखत्यारपत्रांचा गठ्ठाच घेऊन आलाय. "काका, नुसता दगड पडलाय वर. दगडाचे पैसे मिळतायत तर विचार कसला करता?" हे त्याचं पालुपद.

भाड्याचा आकडा त्याने हवेतून काढलेला नाही. २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी सव्वा लाख आणि वर्षाला ३ टक्के वाढ हाच दर आहे. पण ती योजना शेतीपंपांच्या फीडरसाठी (पंपांना वीज नेणाऱ्या लाईनीसाठी). आमच्याकडे शेतीपंप आहेतच किती? हा प्रकल्प खाजगी आहे, वीज कुठे जाणार ते तो सांगत नाही.

सोलरला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. जैतापूर (अणुवीज), नाणार, बारसू (रिफायनरी) ह्यांचे वाद ह्याच तालुक्यात होऊन गेलेत, त्यामुळे गावात दोनच गट पडतात, "काहीच नको" आणि "काहीही चालेल". मला दोन्हीकडे बसायचं नाही. कोणाच्या गावात असा करार झाला असेल, किंवा कोणाला ह्यातलं कळत असेल, तर लिहा.

---

चाकरमानी डोंबिवली

द्या आणि मोकळे व्हा. गावात राहतंय कोण? माझ्या वाडीत २२ घरं, त्यातली १४ गणपती आणि मे महिना सोडला तर बंद. सडा काय करतोय वर्षभर? वणवा लागतो, तेवढंच. सोलरला धूर नाही, आवाज नाही, समुद्रात गरम पाणी सोडायचं नाही. याला पण विरोध केलात तर लोक म्हणणार कोकणी माणसाला फक्त नाही म्हणता येतं.

---

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवून आकडे बघू.

१ मेगावॉटला साधारण ४ एकर लागतात. म्हणजे तुमच्या ४० एकरात १० मेगावॉट बसतो. १ मेगावॉटमधून वर्षाला १४-१५ लाख युनिट धरा. कोकणातला पाऊस बघता मी १५ च्या वर जाणार नाही. अशा विजेला हल्ली युनिटला ३ रुपयांच्या आसपास दर मिळतो. म्हणजे १० मेगावॉटची वर्षाची विक्री साडेचार कोटींच्या घरात. तुमचं भाडं ४० गुणिले ५० हजार, २० लाख. शंभर रुपयातले साडेचारसुद्धा नाहीत. आणि ते २० लाख ६३ नावांत वाटले की माणशी महिन्याला अडीच हजार आणि वर थोडे. सगळे वाटे समान नसणार, ते वेगळंच.

आता ती ३ टक्के वाढ. २८ व्या वर्षी एकरी भाडं १ लाख ११ हजार होईल. ऐकायला बरं वाटतं. महागाई ६ टक्के धरली तर ते आजच्या २३ हजारांइतके. म्हणजे करार जसा जुना होईल तसं भाडं अर्ध्याखाली येणार, आणि आकडा मात्र दुप्पट दिसणार.

---

चाकरमानी डोंबिवली

@हिशेबनीस, हिशेब बरोबर आहे. पण आज त्या सड्याचं भाडं शून्य आहे. शून्यापेक्षा अडीच हजार जास्तच ना?

---

सुरंगी

शून्य? दादा, तुम्ही सडा मे महिन्यात बघता म्हणून तसं वाटतं. श्रावणात या एकदा.

मी रत्नागिरीजवळ कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, मुलांना दर पावसाळ्यात सड्यावर घेऊन जाते. पहिल्या पावसानंतर कातळाच्या खळग्यात पाणी साचतं, आठ-पंधरा दिवसांत हिरवं होतं. मग दीपकाडी येते, पांढरी, कांद्यातून उगवणारी. दिपकाडी कोंकणेन्स हे तिचं शास्त्रीय नाव, आणि ती ह्याच पट्ट्यातल्या सड्यांवर सापडते. पुढे सीतेची आसवं, गेंद. ही जमीन इतकी पातळ आहे की कुठे कुठे मातीचा थर बोटभर सुद्धा नसतो. एकदा ब्रेकर लावून सपाट केली की ती २८ वर्षांनी परत मिळत नाही, करारात काहीही लिहिलेलं असो.

दुसरं पाणी. जांभा सच्छिद्र. सड्यावर पडलेला पाऊस कातळातून झिरपत खाली उतरतो आणि उताराच्या पायथ्याला झऱ्यात, विहिरीत निघतो. वाडी नेहमी सड्याच्या खाली का असते, ह्याचं उत्तर तेच आहे. वर रस्ते, गटारं, काँक्रीटचे पाये झाले की ते पाणी वहाळातून सरळ खाडीला. शिवाय पॅनेल धुवायचे असतात फेब्रुवारी ते मे, लाल धुळीचे दिवस. ते पाणी कुठून आणणार हे त्या माणसाला विचारा. तुमच्याकडे तेव्हा टँकर चालू असतो.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. सोलरला २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागत नाही. म्हणजे अभ्यास नाही, जनसुनावणी नाही. जैतापूरची निदान २०१० मध्ये माडबनला जनसुनावणी तरी झाली होती, कशी झाली ते सोडा. इथे सह्या झाल्या की जेसीबी.

---

चाकरमानी डोंबिवली

ताई, मान्य. पण मग आंब्याचं काय? ह्याच सड्यांवर सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून ट्रकने माती आणून भरली आणि हापूस लावला. शेकडो एकर. तेव्हा दीपकाडी कोणाला आठवली नाही. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. कंपनीने केलं की पर्यावरण आणि आपण केलं की बागायत?

---

सुरंगी

बरोबर बोललात. आंब्यानेही सडे गेलेत, आणि त्यावर बोललं की बागायतदार माझ्याशी बोलणं सोडतात. फक्त त्यामुळे उरलेला सडा द्यावा असं होत नाही.

---

वहाळ

+१ सुरंगी ताई. वाचतोय.

---

गुहागरकर

एन्रॉनच्या (दाभोळ वीज प्रकल्पाच्या) पंचक्रोशीतला असल्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही.

१९९२ मध्ये करारनाम्याची बोलणी सुरू झाली तेव्हाही असंच होतं, कातळ पडलाय, काय करताय त्याचं. ९५ ला सरकार बदललं, प्रकल्प रद्द, अरबी समुद्रात बुडवू वगैरे. मग फेरवाटाघाटी, परत चालू. ९९ ला ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. करार असा, की वीज मंडळाने वीज उचलो न उचलो, ठरलेला स्थिर आकार भरायचाच, आणि तोही डॉलरशी बांधलेला. युनिट ७ रुपयांच्या वर गेलं. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत. २००५ ला सरकारी कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर उभी केली, १,९६७ मेगावॉट. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला आणि २०१३ ला संच थंड. नंतर रेल्वेला थोडी वीज, ती किती आणि कोणत्या भावाने हा वेगळा धागा होईल.

मुद्दा एवढाच की ह्या सगळ्या काळात कराराचा कागद गावातल्या एकाही माणसाने वाचलेला नव्हता. वाद कायम "प्रकल्प हवा की नको" ह्यावर झाला, आणि महाराष्ट्र बुडाला तो कराराच्या कलमांनी. सडेकर, कंपनीकडून मराठीतला पूर्ण मसुदा मागा. नाही दिला तर चहा पाजून परत पाठवा.

---

कुडाळकर

माका एक सांगा, तुमच्या वाडयेत गुरां किती रवली? आमच्या हय बऱ्याच घरांत गोबरगॅस आसा, झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानान हजारांनी बांधल्यानी. दोन घनमीटरच्या टाकयेक दिसाक पन्नासेक किलो शेण लागता, म्हणजे चार-पाच गुरां. दोन वेळचा जेवाण त्याच्यार होता, सिलिंडर पावण्यांसाठी ठेवतत. सलरी (टाकयेत उरलेला शेणपाणी) माडाक नी केळीक. आता गुरांक चारो खयसून येता? सड्यावरच्या गवतातसून. सडो कुंपणात गेलो की गुरां गेली, गुरां गेली की गॅस गेलो. सड्याचा भाडा शून्य म्हणणाऱ्यान ह्यां पण मोजूक व्हया.

---

संगमेश्वरी

गॅसवरून आठवलं. अवांतर वाटेल पण ऊर्जेचाच विषय आहे.

आमच्याकडे डोंगरच्या डोंगर बोडके होतायत ते कशासाठी, माहीत आहे? बॉयलरसाठी. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल एक टक्क्याच्या आसपास, बाकी सगळी झाडं खाजगी मालकीची. ठेकेदार येतो, मुंबईतल्या मालकाला फोनवर गुत्ता ठरवून देतो, ऐन, किंजळ, आंबा, फणस, काही बघत नाही. संध्याकाळी हायवेवर उभे राहा, ताडपत्री बांधलेले ट्रक मोजा. कारखान्यात कोळशाऐवजी लाकूड जाळलं की ते कागदावर हरित इंधन. झाड परत वाढतं, म्हणून कार्बनचा हिशेब शून्य. वाढतं खरं, पण तोडलेल्या किंजळाच्या जागी किंजळ उभा राहायला तीस-चाळीस वर्षं जातात आणि तोवर तिथे रानमोडीचं तण नाहीतर रबर आलेलं असतं.

म्हणून सडेकर, मला सोलर हवंय. कारखान्याच्या छपरावर हवंय, काजूच्या युनिटवर, आमसुलं वाळवायला हवंय. कोकम मे अखेरीला येतं, वळवाचा पाऊस डोक्यावर असतो, उघड्यावर घातलेली सोलं भिजली की बुरशी. आमच्या बचत गटाने ड्रायर घेतल्यापासून आम्ही आकाशाकडे बघणं सोडलंय. सड्यावर एकगठ्ठा लावून वीज घाटावर पाठवण्यात आम्हाला काय?

---

चाकरमानी डोंबिवली

तसं बघितलं तर कोयनेचं पाणी घाटावरून आपल्याकडेच येतं की. देशाने कोकणाला काही दिलं नाही असं नाही.

---

वहाळ

अहो, पाणी येतं आणि जातं! वीज तयार करून दरवर्षी ६७.५ टीएमसी पर्यंत पाणी पश्चिमेला सोडता येतं. कोळकेवाडीतून वाशिष्ठीत आणि तिथून समुद्रात. १,९६० मेगावॉटचा प्रकल्प, महाराष्ट्राची भाग्यरेषा वगैरे. आणि त्याच चिपळूण-खेडमध्ये धनगरवाड्यांवर एप्रिलपासून हंडे. टर्बाइन फिरवलेलं पाणी वाडीवर चढवायला लागणारी वीजसुद्धा आपण नीट मागितलेली नाही इतक्या वर्षांत.

---

लाईनमन (निवृत्त)

धागा भरकटतोय. वीज मंडळात हयात गेली, थोडं कामाचं सांगतो.

सडेकर, तुमच्या सड्यापासून ३३/११ केव्हीचं सबस्टेशन किती लांब आहे? १० मेगावॉट ११ केव्हीच्या लाईनीवर जाणार नाही, ३३ लागेल. तिथे जागा आहे का, नवी लाईन कोणाच्या बागांमधून जाणार, हे ठरल्याशिवाय प्रकल्प होत नाही. पुष्कळ वेळा कंपन्या आधी स्वस्तात जमिनीचे करार करून ठेवतात आणि मग ते कागद दुसऱ्या कंपनीला विकतात. तोवर तुमची जमीन अडकलेली. करारात "अमुक महिन्यांत काम सुरू न झाल्यास करार रद्द" हे कलम हवंच, आणि आमच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतर नाही, हेही.

आता घरावरचं सोलर. पीएम सूर्यघरमध्ये (२०२४) पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे ३० हजार, तीन किंवा जास्त किलोवॉटला एकूण ७८ हजार सबसिडी आहे. चांगली योजना आहे. पण कोकणात तीन अडचणी येतात, विक्रेता सांगत नाही.

एक, लाईट गेली की सोलरही बंद. लाईनीवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. भर उन्हात, पॅनेल धगधगत असताना घरात पंखा नाही. निसर्ग वादळानंतर (जून २०२०) श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा साधं सोलर असतं तरी उपयोग शून्य. बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, तो महाग.

दोन, बंद घरं. नोव्हेंबर ते मार्च घर बंद, सगळी वीज ग्रिडमध्ये जमा. पण खातं आर्थिक वर्षाचं. ३१ मार्चला उरलेले युनिट स्वस्तात मंडळाकडे जमा होतात आणि तुम्ही गावी येता मे महिन्यात. डोंबिवलीकर, तुमच्यासाठी सांगतोय हे.

तीन, खारं वारं. स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) नसेल तर दोन पावसाळ्यांत बोल्ट गंजून हातात येतात. आणि कौलांवर वानरं. त्यावर उपाय मला सापडलेला नाही.

---

चाकरमानी डोंबिवली

मार्चचं माहीत नव्हतं. मग ज्यांची घरं बंद आहेत त्यांनी वीज शेजाऱ्याला दिली असं करता येत नाही का?

---

हिशेबनीस

एका ठिकाणचं सोलर अनेक मीटरांच्या बिलात वाटून घ्यायची सोय दिल्लीने २०१९ मध्ये केली. आपल्याकडे अशी सोय खेड्यापर्यंत पोचली तर कोकणाइतका फायदा कोणालाच नाही, कारण आपल्याकडे छपरं आहेत आणि माणसं नाहीत. आमदारांकडे रस्त्याच्या डांबराऐवजी हे मागा.

आता "आपणच सड्यावर सहकारी प्रकल्प काढू" हा विचार कोणीतरी मांडणारच, म्हणून आधीच हिशेब देतो. १ मेगावॉटला साधारण ४ कोटी. ३० टक्के आपले, म्हणजे १ कोटी २० लाख. ३०० कुटुंबांनी ४० हजार घातले की जमतात. देवळाच्या जीर्णोद्धाराला आपली मंडळं ह्याहून जास्त जमवतात. उरलेले २ कोटी ८० लाख कर्ज, १० टक्क्यांनी १२ वर्षं, वर्षाचा हप्ता ४१ लाख. विक्री ४५ लाख, देखभाल-विमा ५ लाख. म्हणजे १२ वर्षं घरातून पैसे घालायची वेळ. ३ रुपयांनी वीज विकून गावाचा सहकार चालत नाही. मोठी कंपनी स्वस्त कर्ज आणि घाऊक खरेदीवर तगते.

पण तीच वीज विकण्याऐवजी आपलं बिल वाचवायला वापरली तर? घरगुती वापर १०० युनिटांच्या वर गेला की सगळे आकार धरून युनिट १० रुपयांच्या पुढे पडतं. विकायला ३ आणि वाचवायला १०, सगळं गणित इथे आहे. सड्याची गरजच पडत नाही. तमिळनाडूत ओडनथुराई पंचायतीने २००६ मध्ये बँकेचं कर्ज काढून ३५० किलोवॉटची पवनचक्की घेतली, गावाचा वापर भागवून उरलेली वीज मंडळाला विकली. आपल्याकडे पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, शंभरेक घरं, सगळी छपरांवर. कोयनेच्याच तालुक्यात, बघा.

---

कुडाळकर

मालक आपण, बिल आपला, छप्पर आपला. ह्यां पटला.

---

गुहागरकर

फक्त एक शंका. छपरांवरच्या सोलरने मुंबई चालत नाही, रेल्वे चालत नाही. कोकण रेल्वेचं पूर्ण विद्युतीकरण २०२२ मध्ये झालं, आपण त्याचं कौतुक केलं. ती वीज कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या माळावरून किंवा कोळशातून येते. "आमच्या सड्यावर नको" म्हणताना हे विसरून चालणार नाही.

---

सुरंगी

विसरत नाही. पण जागा निवडायला हवी. एमआयडीसीतले रिकामे प्लॉट आहेत, बंद पडलेल्या चिरेखाणी आहेत. चिरेखाण म्हणजे आधीच खोदून ठेवलेला सडा, तिथे लावा सोलर, मी स्वतः पाठिंब्याचं पत्र देते. आणि सडेकर, वर कातळशिल्पं आहेत का ते आधी बघा. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ तुमच्याच तालुक्यातली. पावसाळ्यानंतर गवत कापलं की रेषा नीट दिसतात. जुन्या गुराख्यांना विचारा, त्यांना माहीत असतं.

---

सडेकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. सगळे प्रतिसाद छापून काल वाडीच्या बैठकीत वाचून दाखवले. २३ हजारांचा हिशेब ऐकल्यावर मध्यस्थ उठून गेला.

कुलमुखत्यारपत्रावर तूर्त कोणी सही करायची नाही, एवढं ठरलं. गावाच्या मुंबईतल्या मंडळालाही तसा निरोप गेलाय. कंपनीला पत्र देतोय: मसुदा मराठीत, वीज कोणाला विकणार, कुठल्या सबस्टेशनला जोडणार, धुण्याचं पाणी कुठलं, आणि करार संपल्यावर पॅनेल आणि काँक्रीट कोण उचलणार. चिरेखाण आमच्याकडे दोन आहेत, बंद. मालक तयार असतील तर तिकडे या, असंही लिहिलंय. गावातली दोन घरं मात्र अजून भाडं हवं म्हणतायत. एका घरात आजारपण आहे, त्यांना वर्षाचे तीस-बत्तीस हजार कमी नाहीत. त्यांना काय सांगायचं हे मला सुचलेलं नाही.

हिशेबनीस, बिल वाचवण्याची सुरुवात नळपाणी योजनेच्या पंपापासून करावी असं सरपंचांचं म्हणणं आहे. ७.५ एचपी आहे. थकबाकीमुळे मागच्या उन्हाळ्यात दोनदा कनेक्शन तोडलं होतं.

---

लाईनमन (निवृत्त)

पंपासारखं काम नाही दुसरं. उन्हाळ्यात पंप जास्त चालतो तेव्हाच ऊनही जास्त. पावसात विहीर भरलेली, पंप कमी, ऊनही कमी. ७.५ एचपी रोज सहा तास म्हणजे ३३-३४ युनिट. १० किलोवॉट पुरेल, हजारेक चौरस फूट जागा. शाळेला स्लॅब आहे का? असेल तर सावली तपासा, पश्चिमेला फणस असतोच. पंपाची मागच्या बारा महिन्यांची बिलं फोटो काढून इथे टाका, मंजूर भार आणि दर बघून सांगतो.

---

सडेकर (धागाकर्ता)

स्लॅब आहे. फणस नाही, माड आहेत दोन. बिलं ग्रामसेवकांकडे, ते सोमवारी येतात. टाकतो.